नर्सरीतलं मोठं झाड बोन्सायसाठी आणताना: वाहतूक, पहिली छाटणी आणि मुळं

जाड खोडाचं बोन्साय हवं असेल तर दोन वाटा आहेत. बोटाएवढं रोप जमिनीत लावायचं आणि दहा-पंधरा वर्षं थांबायचं, नाहीतर कुणीतरी आधीच वाढवून ठेवलेलं झाड नर्सरीतून आणायचं आणि कापून लहान करायचं. दुसरी वाट जवळची आहे, पण तिच्यात सुरुवातीचे सहा महिने फार जपावे लागतात. आठ-दहा फुटी झाड उपटून गाडीत घालणं, घरी नेणं, त्याचा शेंडा उडवणं, मुळं कापणं, यातल्या प्रत्येक कामाने झाडाला धक्का बसतो. नवीन माणूस उत्साहाच्या भरात हे सगळं एकाच रविवारी उरकतो आणि महिनाभरात झाड वाळतं. म्हणून पुढे जे सांगतो आहे त्यात एकच गोष्ट पक्की धरा: एका वेळी एकच घाव, आणि पुढचा घाव झाडाने आधीचा भरून काढल्याशिवाय घालायचा नाही.

उदाहरण म्हणून नांदरूक घेतो. नर्सरीत ते फायकस मायक्रोकार्पा, रेटुसा किंवा फायकस पांडा अशा नावांनी मिळतं. वड-पिंपळाच्याच कुळातलं हे झाड आपल्या हवेत बारमाही वाढतं, जुन्या लाकडावरही डोळे, म्हणजे नवे कोंब, फोडतं, मुळं कापलेली सोसतं आणि पहिल्यांदाच करवत हातात घेणाऱ्याच्या चुका बऱ्यापैकी पोटात घालतं. पहिलं मोठं झाड हेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्या जातींचं वेगळेपण शेवटी सांगतो.

वेळ कोणती

नांदरुकासाठी मी असं वेळापत्रक सुचवीन: जानेवारीत झाड पसंत करून ठेवा, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणा, मार्चच्या सुरुवातीला शेंड्याची मोठी छाटणी करा, आणि पाऊस नीट बसला की, म्हणजे जूनअखेर ते जुलैमध्ये, मुळांना हात लावा. थंडी ओसरते आणि चैत्रपालवीची तयारी सुरू होते तेव्हा झाडाने मुळांत आणि खोडात साठवलेलं सगळं बळ वर यायला निघालेलं असतं. त्या वेळी वरचं लाकूड कापलं तर तेच बळ नव्या डोळ्यांना मिळतं. पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे पानांतून पाणी कमी उडतं, म्हणून अर्धी मुळं गेली तरी झाड तग धरतं.

नोव्हेंबर ते जानेवारी पुणे-नाशिककडे रात्री गार असतात, वाढ मंद असते, जखम उघडी राहते. विदर्भात आणि मराठवाड्यात एप्रिल-मेच्या उन्हात झाडाची वाहतूक टाळाच. मुंबई आणि कोकणात दमट हवेमुळे थोडी सूट मिळते, पण तिथे जुलैच्या मुसळधार पावसात नव्याने लावलेली मुळं कुजण्याचा धोका वेगळा. तिथे कुंडीवर पत्रा किंवा पारदर्शक छप्पर असलेलं बरं.

नर्सरीत काय पाहायचं

पुण्याकडच्यांसाठी सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरपासून उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. त्यांतली मोठी झाडं बऱ्याचदा तिथे वाढलेली नसतात. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियमला नर्सऱ्यांचा मोठा पट्टा आहे, तिथून ट्रक भरून ती येतात. हे माहीत असणं उपयोगाचं आहे, कारण त्यामुळे एक प्रश्न विचारायचं सुचतं: झाड इथे येऊन किती दिवस झाले? नुकतंच ट्रकमधून उतरलेलं झाड आधीच एक धक्का सोसून आलेलं असतं. लगेच दुसरा प्रवास नको. मालकाला थोडा आगाऊ पैसा देऊन झाडावर आपली चिठ्ठी बांधा आणि दीड-दोन महिन्यांनी न्या.

बाग सजवायला झाड घेणारा माणूस उंची आणि हिरवेपणा बघतो, आणि नर्सरीतला भावही फुटांवर आणि पिशवीच्या मापावर ठरतो. आपल्याला मात्र यातलं जवळपास सगळं कापून टाकायचं आहे. आपण विकत घेतो ते खोडाचे खालचे दीड फूट आणि त्याखालची मुळं. त्यामुळे शेंडा मोडलेलं, गोल कापलेल्या डोक्यांपैकी एक डोकं वाळलेलं, वाकडं म्हणून कोपऱ्यात पडलेलं झाड आपल्यासाठी सोनं असतं आणि स्वस्तातही मिळतं. नर्सरीच्या मागच्या बाजूला चक्कर मारल्याशिवाय परत येऊ नका.

उकिडवे बसा आणि खोडाच्या बुडाशी बघा. माळ्याला विचारून काडीने वरची दोन-तीन इंच माती बाजूला करा. पिशवीत झाड बरेचदा खोल लावलेलं असतं. खरं बूड, म्हणजे जिथून मुळं चहूबाजूंना पसरतात ती जागा, मातीखाली दडलेली असते. चांगल्या झाडाची मुळं खोडापासून पसरट निघून सगळ्या दिशांना जातात. एखादं मूळ खोडाभोवतीच वळसा घालून आवळत असेल तर बारीक असल्यास चालेल, कापता येईल. अंगठ्याहून जाड वळसा असेल तर ते झाड सोडा. खोड बुडाशी जाड आणि वर निमुळतं होत गेलेलं हवं. खाली-वर सारख्या जाडीचा सोट कितीही देखणा वाटला तरी त्याचं बोन्साय व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

मग कलम आहे का ते बघा. बाजारात फुगलेल्या मुळांच्या नांदरुकावर दुसऱ्याच जातीची बारीक पानं बांधलेली झाडं भरपूर आहेत. खोडावर फांद्यांच्या मुळाशी आडवी फुगीर रेघ किंवा सालीचा रंग एकदम बदललेला दिसला तर ते कलम. अशा झाडाला कलमाच्या खाली कापलं की खालून वेगळ्याच पानांचे फुटवे येतात.

शेवटी खोड धरून हलकेच हलवा. खोड मातीत डुलत असेल तर झाड नुकतंच पिशवीत भरलंय, मुळं धरलेली नाहीत. खोड हलताना सगळी पिशवी बरोबर हलली तर उत्तम. आणि खोडही हलेना, पिशवीही जागची हलेना, तर तिसरीच भानगड आहे. ती नीट समजून घ्या, कारण मोठ्या झाडांच्या बाबतीत हेच सर्रास घडतं.

जमिनीत घुसलेलं मूळ

पिशवी दोन-तीन वर्षं एकाच जागी उभी राहिली की तळाच्या भोकातून एखादं मूळ जमिनीत जातं. तिथे त्याला मोकळी माती आणि कायमची ओल मिळते, आणि मग झाड पिशवीतल्या मुळांवर नाही तर त्या एका मुळावर जगू लागतं. वरून हिरवंगार, तजेलदार दिसतं. विकलं गेलं की हमाल पिशवी आडवी पाडतात, कट्ट असा आवाज होतो, आणि झाडाचा मुख्य नळ तुटतो. घरी आल्यावर आठवड्यात पानं माना टाकतात आणि घेणाऱ्याला कारण कळत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त महिनाभराचा धीर हवा. पसंत केलेल्या दिवशीच माळ्याला सांगा, "मामा, खालचं मूळ आत्ता तोडून पिशवी जागेवरच फिरवून ठेवा, मी महिन्याने नेतो." पिशवी थोडी तिरकी करून पहारीने किंवा करवतीने मूळ कापायचं, पिशवीखाली जाड प्लॅस्टिक किंवा फरशीचा तुकडा सरकवायचा आणि झाड तिथेच राहू द्यायचं. त्याच वेळी पानांचा एक तृतीयांश भार कमी करायला सांगा. या महिन्यात पाणी वेळेवर मिळालं तर झाड पिशवीतल्या पिशवीत नवी तंतुमुळं धरतं. नर्सरीवाले याला सहसा नाही म्हणत नाहीत, कारण झाड त्यांच्याकडे असताना पैसे मिळालेले असतात. महिन्याने जाऊन बघा. नवी पालवी दिसली तर गाडी ठरवा. पानं अजून मलूल असतील तर आणखी थांबा.

वजनाचा हिशेब आधी करा

मातीची हुंडी, म्हणजे मुळांसकटचा मातीचा गोळा, किती जड असते याचा अंदाज पहिल्यांदा येत नाही. दीड फूट व्यास आणि दीड फूट उंचीच्या हुंडीत साधारण ७५ लिटर माती असते. ओली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते, म्हणजे नुसती हुंडी सव्वाशे किलोच्या आसपास. दोन फूट बाय दोन फुटाची हुंडी घेतलीत तर तोच आकडा पावणेतीनशे-तीनशे किलोंवर जातो. पहिल्या झाडाला दीड फुटापुढे जाऊ नका. ते चार माणसांना उचलता येतं, दोन फुटांच्या हुंडीला क्रेन किंवा चेन-पुली लागते.

झाड ठेवायच्या जागेचंही माप घ्या. सोसायटीच्या लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, गच्चीचा दरवाजा. गच्चीवर ठेवणार असाल तर स्लॅबच्या मधोमध नको, खाली भिंत किंवा बीम असेल तिथे ठेवा. आणि सोसायटीत आधी बोलून घ्या. झाड खाली उभं असताना वाद घालण्यात झाडाचाच जीव जातो.

नर्सरीतून पक्कं बिल जरूर घ्या. रस्त्यात कुणी अडवलं तर झाड नर्सरीतलं आहे हे दाखवायला ते उपयोगी पडतं. जंगलातून, गडाच्या तटातून किंवा रस्त्याकडेचं झाड उपटून आणायचा मोह होतो, तो आवरा. वनजमिनीवरचं झाड काढणं गुन्हा आहे, आणि शहरातल्या झाडाला हात लावायला १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शिवाय तटातल्या वडाची मुळं दगडात इतकी रुतलेली असतात की तो जिवंत निघणंच कठीण.

गाडीत घालण्यापूर्वीची छाटणी

इथे नियम असा: गाडीत आणि जिन्यात मावेल इतकंच कापा. खरी छाटणी नंतर, घरी, शांतपणे.

झाड दहा फुटी असेल आणि पुढे त्याचं अडीच फुटी बोन्साय करायचं असेल, तरी नर्सरीत ते पाच-सहा फुटांवर आणून थांबा. मुख्य शेंडा उतरवा, बाजूला फार पसरलेल्या फांद्या अर्ध्यावर तोडा, दाट पानं विरळ करा. खालच्या दोन-तीन फुटांतल्या फांद्यांना अजिबात हात लावू नका. त्यांतल्याच काही पुढे बोन्सायच्या फांद्या होणार आहेत आणि कुठल्या ते अजून ठरलेलं नाही. माळी मदत म्हणून बुडाजवळच्या बारीक फांद्या साफ करून देतात, कारण बागेच्या झाडाला तसंच करतात. आधीच सांगून ठेवा.

नांदरुकाला कापलं की पांढरा चीक वाहतो. कपड्यावरचा डाग जात नाही, अंगाला खाज येऊ शकते, डोळ्यात गेला तर फार चुरचुरतो. जुने कपडे आणि हातमोजे घाला. कापल्यावर ओलं फडकं जखमेवर थोडा वेळ दाबून धरलं की चीक थांबतो.

पाणी आदल्या दिवशी संध्याकाळी भरपूर द्या, निघायच्या दिवशी सकाळी नको. आदल्या दिवशीच्या पाण्याने झाड तृप्त होतं आणि हुंडी घट्ट ओलसर राहते. सकाळी दिलेल्या पाण्याने हुंडीचा चिखल होतो, वजन वाढतं आणि उचलताना ती मधोमध फुटते.

गाडी आणि बांधणी

छोटा हत्ती टेम्पो एका झाडाला पुरतो. त्याचा हौदा साधारण सात फूट लांब असतो. झाड सहा फुटांवर आणायचं ते याच कारणासाठी. दोन-तीन मित्र मिळून झाडं आणणार असाल तर पिकअप करा. भाडं वाटून घेतलं की स्वस्त पडतं आणि उतरवायला माणसंही आपलीच असतात.

खोडाला धरून झाड उचलू नये. हुंडीचं सगळं वजन तेव्हा खोड आणि मुळांच्या सांध्यावर लोंबतं आणि आतली मुळं तुटतात, बाहेरून काही दिसत नाही. पिशवीखाली जाड बारदान किंवा जुनी सतरंजी सरकवा, चारही कोपरे चौघांनी धरा आणि झोळीसारखी हुंडी उचला. पिशवी आधीच जीर्ण झाली असेल तर उचलण्यापूर्वी तिच्यावरून गोणपाट गुंडाळून सुतळीने आडवे-उभे वेढे घ्या.

हौद्यात आधी वाळू किंवा गवताच्या पेंढीचा थर, त्यावर झाड आडवं. हुंडी ड्रायव्हरच्या केबिनकडे, शेंडा मागच्या फाळक्याकडे. ब्रेक लागला की जड वस्तू पुढे सरकते. हुंडी केबिनला टेकलेली असेल तर तिला सरकायला जागाच उरत नाही, आणि वाऱ्यात फांद्या उलट्या वळत नाहीत. खोड जिथे टेकतं तिथे जुन्या टायरचा किंवा गादीचा तुकडा ठेवा. दोरी हुंडीवरून आवळा. खोडाला बांधावीच लागली तर आधी तिथे रबरी ट्यूब गुंडाळा. नायलॉनची दोरी खड्ड्याखड्ड्याला मागेपुढे घासते आणि तासाभरात साल सोलून काढते. नेमकी पुढच्या दर्शनी बाजूची साल गेली की तो व्रण वर्षानुवर्षं जात नाही.

वर हिरवी शेडनेट दुहेरी करून घट्ट लपेटा. ताडपत्री किंवा प्लॅस्टिक नको. उन्हात त्याखाली वाफ कोंडते आणि पानं शिजतात. उघडं न्यायचं म्हणाल तर ताशी ५०-६० किलोमीटरच्या वाऱ्याला कोवळी पानं दोन तासांत करपतात. पहाटे निघा म्हणजे ऊन चढायच्या आत पोहोचाल. ड्रायव्हरदादांना चहापाण्याचं आधी विचारा आणि सांगा की वेग ४० च्या आसपास ठेवा, गतिरोधकावर सांभाळा. वाटेत थांबायचं झालं तर सावलीत.

घरी आल्यावर

झाड उभं करा, पोटभर पाणी द्या आणि दोन-तीन आठवडे त्याला काहीही करू नका. पिशवी तशीच राहू द्या. जागा अशी हवी की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी ५० टक्क्यांची शेडनेट असेल. गच्चीवर वारा फार असेल तर खोड कठड्याला सैलसर बांधा. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाण्याचा फवारा मारा. खत बिलकूल नको, कारण दुखावलेल्या मुळांना खताचा फायदा होत नाही, उलट ती जळतात.

या दिवसांत पानं गळतात आणि नवीन माणूस घाबरतो. गळणारं पान हातात घेऊन बघा. पिवळं पडून, देठासकट अलगद सुटून खाली पडलं असेल तर काळजी नको. झाड स्वतःहून भार कमी करतंय आणि पान सोडायलाही झाडात जीव लागतो. उलट पानं तपकिरी, कुरकुरीत होऊन फांदीलाच चिकटून राहिली, ओढली तरी सुटेनात, तर ती फांदी एकदम वाळली आहे. मग नखाने साल किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवा पापुद्रा दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडा दिसला तर थोडं खाली सरकून पुन्हा खरवडा. हिरवं जिथे सुरू होतं तिथपर्यंत झाड आहे.

पाणी कमी पडलं म्हणून झाड सुकतं तसं पाणी जास्त झाल्यानेही पानं माना टाकतात. दोन्ही वेळा दृश्य सारखंच. त्यामुळे पाणी घालण्याआधी बोट दोन इंच मातीत घालून बघायची सवय लावा.

पहिला मोठा घाव

टोकांना नवे कोवळे डोळे हलू लागले की झाड तयार आहे. नसतील हलत तर मार्च उलटला तरी थांबा.

कुठे कापायचं? ढोबळ हिशेब असा की तयार बोन्सायची उंची बुडाच्या जाडीच्या सहापट धरतात आणि पहिला काप त्या उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर घेतात. जाडी मोजायला मुळांच्या लगेच वर खोडाभोवती दोरा गुंडाळा आणि लांबीला ३.१४ ने भागा. घेर १६ इंच आला तर जाडी झाली सुमारे ५ इंच. म्हणजे बोन्साय ३० इंची, आणि पहिला काप १० इंचांवर. एवढ्या खाली का, असं सगळेच विचारतात. खोड निमुळतं दिसायला हवं म्हणून. कापाच्या खालचा भाग जाड राहतो, त्यावर आलेला फुटवा नवा शेंडा होऊन वाढतो आणि त्याची जाडी कमी असते. तो फुटवा बऱ्यापैकी जाड झाला की तोही कापायचा आणि त्यावर तिसरा टप्पा घ्यायचा. जाड, मध्यम, बारीक अशा टप्प्यांनीच छोट्या झाडात जुन्या वडाचा रुबाब येतो.

मात्र आज करवत १० इंचांवर लावू नका. १२ किंवा १३ इंचांवर लावा. कापाखालचं लाकूड थोडं वाळतं, आणि किती वाळेल ते आधी सांगता येत नाही. नवे डोळे कुठून फुटतात तेही माहीत नसतं. वरचा दोन-तीन इंचांचा खुंट हा त्या अनिश्चिततेचा विमा आहे. डोळे फुटल्यावर, सहा-आठ महिन्यांनी, निवडलेल्या फुटव्यामागून तिरका काप घेऊन तो काढायचा.

कापण्याची रीत. करवत घडीची, दातेरी, धारदार. स्पिरिटने पुसलेली. जाड खोड एका दमात वरून कापायला गेलात तर शेवटी वरचं वजन खाली येतं आणि सालीचा पट्टा फाटत बुडापर्यंत जातो. म्हणून आधी ठरलेल्या रेषेच्या पाच-सहा इंच वर, खालच्या अंगाने किंवा ज्या बाजूला पडणार त्या बाजूने, एक तृतीयांश खाच घ्या. मग पलीकडून, खाचेच्या किंचित वर, कापत या. वजन पडून गेलं की उरलेला तुकडा ठरलेल्या रेषेवर सावकाश कापा. फांद्यांनाही हाच नियम. कापाची कड धारदार चाकूने गुळगुळीत करा, कारण जखम सालीच्या कडेकडून भरत येते आणि फाटलेल्या कडेवर ती अडकते.

चीक पुसून झाला की जखमेवर बुरशी येऊ नये म्हणून बोर्डो पेस्ट लावा. द्राक्ष-संत्र्याच्या बागायतदारांना हे सांगायला नको. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करायचे. लोखंडी चाकू मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा आहे, थोडा चुना वाढवा. पेस्ट त्याच दिवशी वापरून टाका. निळसर डाग पडतो, पण तो पावसात फिका होतो.

खालच्या फांद्या या वेळी राहू द्या, फक्त लांबी अर्ध्यावर आणा. नांदरूक पूर्ण बोडकं केलं तरी फुटतं, तरीही पहिल्या खेपेला काही पानं ठेवा. खोडातल्या रसाची ये-जा चालू राहते.

उन्हाळ्यात दोन ते चार आठवड्यांत खोडावर तांबूस-हिरव्या ठिपक्यांसारखे डोळे दिसू लागतात, कापाच्या कडेने तर घोळक्याने. लगेच निवड करायची घाई नको. बोटभर वाढले की एका जागी उगवलेल्या घोळक्यातले एक-दोन ठेवून बाकीचे चिमटीने खुडा, नाहीतर तिथे खोडाला गाठ येते. वरच्या बाजूचा एक जोमदार फुटवा नवा शेंडा म्हणून ठेवा आणि त्याला मनसोक्त वाढू द्या. हाच वाढत वाढत कापाची जखम भरून काढणार आहे. कोवळ्या पानांच्या कडा दुमडून आत बारीक काळे किडे दिसले तर ते फुलकिडे. अशी पानं खुडून फेका आणि निंबोळी अर्क फवारा.

मुळांची पाळी

जुलैपर्यंत फुटवे हात-दीड हात लांब झाले आणि पानं गडद, टणक झाली की मुळांना हात लावायचा. तसं झालं नसेल तर या वर्षी मुळं सोडा आणि झाड पिशवीतच ठेवा. वर्ष वाया जात नाही, खोड भरतं.

ढगाळ दिवस निवडा. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढा, झाड ओढून काढू नका. हुंडीचा तळाकडचा निम्मा भाग करवतीने सरळ आडवा कापून टाका. बाहेरून आत, आकडीने माती मोकळी करत तंतुमुळं सुटी करा. जाड मुळं खोडापासून चार-पाच इंचांवर स्वच्छ कापा, कात्रीचा काप खालच्या बाजूला येईल असा. बुडाशी सगळीकडे थोडी तरी तंतुमुळं उरली पाहिजेत.

कडियमकडून आलेल्या झाडांच्या हुंडीत बऱ्याचदा चिकण माती असते आणि इथे एक फसवी गोष्ट घडते. भोवती आपण घातलेलं मिश्रण मोकळं, निचऱ्याचं. आतला गाभा मात्र घट्ट. पाणी मोकळ्या मिश्रणातून निथळून जातं आणि आतला गाभा कोरडाच राहतो. वरून रोज पाणी घालूनही झाड तहानलेलं. ती सगळी माती एकाच वेळी धुवायची नाही. या वर्षी हुंडीचे समोरासमोरचे दोन भाग, केकच्या तुकड्यासारखे, पाण्याच्या धारेने धुऊन नवं मिश्रण भरा आणि उरलेल्या भागात सळईने उभी भोकं पाडा. दुसरे दोन भाग पुढच्या किंवा त्यापुढच्या पावसाळ्यात.

लावायला बोन्सायचा उथळ ट्रे अजून नको. भाजीचं प्लॅस्टिक क्रेट घ्या, आतून शेडनेटचं अस्तर लावा. चारही बाजूंनी हवा मिळाली की मुळं गोल फिरत नाहीत, टोकाशी थांबून फाटे फोडतात. भांडं फुकटच्या भावात आणि काम महागड्या कुंडीपेक्षा चांगलं. मिश्रणात विटांचे ३ ते ६ मिलिमीटरचे तुकडे निम्मे, उरलेल्यात जाड वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. सगळं चाळून बारीक धूळ फेकून द्या, कारण निचरा बिघडवते ती धूळच. विटकर नसेल तिथे कोकणात जांभ्याचे तुकडे उत्तम चालतात.

झाड क्रेटला तारेने किंवा जाड दोरीने पक्कं बांधा. हलवून बघा, अजिबात डुलता कामा नये. नवी मुळं केसासारखी असतात आणि प्रत्येक वाऱ्याला खोड हललं की ती तुटत राहतात. मोठी पानं अर्धी कापा, फुटवे राहू द्या. तीन आठवडे सावली, नंतर हळूहळू ऊन. नवी पालवी आल्यावरच खताचं पाणी.

दुसऱ्या जाती, थोडक्यात

फायकस बेंजामिना नांदरुकासारखा दिसतो पण बोडक्या फांदीवर भरवशाने फुटत नाही. प्रत्येक फांदीवर थोडी पानं ठेवूनच कापा, आणि जागा बदलली की तो पानं फार गाळतो हेही ध्यानात असू द्या. बोगनवेलीचं खोड सुरेख जुनाट दिसतं आणि कापल्यावर फुटतंही जोमाने, पण मुळं काचेसारखी ठिसूळ. गाडीत तिची हुंडी फुटू न देणं हेच मुख्य काम, आणि माती झटकायची नाही. चिंचेला सोटमूळ असतं, ते दोन पावसाळ्यांत विभागून कापा. अडेनियमचं मूळ कापलं तर झाड सावलीत आठ-दहा दिवस कोरडं ठेवून जखम सुकल्यावर लावा, लगेच पाणी दिलं तर कुजतं. कामिनीचं लाकूड कठीण आणि जखम भरायला संथ, तिला मोठे काप कमी. जुनिपरची हिरवाई पूर्ण काढली तर फांदी मरते, त्याच्यावर या लेखातली शेंडा उडवण्याची रीत वापरूच नका.

नांदरुकाकडे परत. पहिल्या पावसाळ्यानंतर दिवाळीच्या सुमारास थंडी पडायच्या आत वरचा खुंट तिरका कापून घ्या आणि पुन्हा पेस्ट लावा. फांद्यांना वळण द्यायला तारा गुंडाळायच्या त्या फेब्रुवारीनंतर, आणि वाढीच्या दिवसांत दर पंधरवड्याला तपासा, कारण नांदरुकाची फांदी भराभर जाड होते आणि तार सालीत रुतते. नवा शेंडा खालच्या खोडाच्या निम्म्याहून जाड होईपर्यंत झाड क्रेटमध्येच राहू द्या. त्याला दोन पावसाळे लागतील किंवा चार. उथळ ट्रेत गेलं की खोडाची वाढ जवळजवळ थांबते, त्यामुळे ट्रे विकत घ्यायची घाई करू नका.